नकाराचं कारण लेखी द्या
चाकण शहरातील सर्व पक्षांच्या शहराध्यक्षांना खुलं पत्र

सर्व शहराध्यक्ष महोदय,


एकट्या एका पक्षाला लिहिलं असतं तर बाकीच्यांनी ‘ते त्यांचं आहे’ म्हणून कागद बाजूला सारला असता. म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र.

निवडणुकांचा हंगाम संपला. नगर परिषदांचे निकाल २१ डिसेंबर २०२५ रोजी लागले, शेजारच्या पिंपरी-चिंचवडची मतमोजणी १६ जानेवारीला झाली. महापालिकेच्या मतदारांना तर फेब्रुवारी २०१७ नंतर थेट आता मतदान करायला मिळालं. आठवीतल्या मुलाचं मधल्या काळात पदवीचं शिक्षण उरकलं, एवढा तो खंड. गुलाल धुऊन निघाला आहे, बॅनर उतरले आहेत (तळेगाव चौकातले दोन-चार सोडून), रुसलेले बरेचसे परत आले आहेत. तेव्हा आता तुम्हाला थोडी सवड असेल असं धरून चालते.

प्रचाराच्या दिवसांत माझ्या दारात जेवढी पत्रकं आली, तेवढी सगळी मी राखून ठेवली आहेत. शिक्षिकेची सवय, कागद टाकवत नाही. कोरे परीटघडीचे शर्ट, हात जोडलेले, वर नेत्यांच्या चेहऱ्यांची रांग. त्यांत एकही उमेदवार तृतीयपंथी नव्हता. तुमच्यापैकी एका पक्षाचे कार्यकर्ते मत मागायला आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. म्हणाले, “मॅडम, आमची काहीच हरकत नाही. पण लोक स्वीकारणार नाहीत.”

हे लोक कोण, त्याबद्दल हे पत्र आहे.

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. तिथे एमआयडीसी नाही, जर्मन कंपनीचा कारखाना नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या गावाने ज्ञानदेव शंकर कांबळे यांना सरपंच केलं. गाव त्यांना माऊली म्हणतं. माऊली साडी नेसतात, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या तृतीयपंथी सरपंच म्हणून त्यांचं नाव नोंदलं गेलं. भाजपचा पाठिंबा होता, हेही सांगून टाकते, म्हणजे ‘हे सगळं पुरोगाम्यांचं खूळ’ असं कुणाला म्हणायला नको.

त्या वर्षाची एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, हा नियम राज्यात तेव्हाच आला होता. त्याआधी सदस्य निवडून यायचे आणि सदस्य सरपंच ठरवायचे. मधल्या दिवसांत सदस्यांना सहलीला न्यायचं, फोन काढून घ्यायचे, कोकणातल्या रिसॉर्टवर ठेवायचं आणि मतदानाच्या दिवशी गाडीतून थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पद्धतीत माऊलींना आधी गावच्या कारभाऱ्यांची पसंती मिळवावी लागली असती. थेट निवडीत गावाला विचारलं आणि गावाने हो म्हटलं.

दुसरं गाव जळगाव जिल्ह्यातलं, भादली बुद्रुक. डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली पाटील, गुरूपरंपरेतलं नाव अंजली गुरू संजना जान, यांनी सर्वसाधारण महिला गटाच्या जागेवर अर्ज भरला. छाननीत अर्ज बाद झाला. जागा महिलांची आणि अर्जदार तृतीयपंथी, एवढ्या कारणाने. वर्षअखेरचे दिवस, चिन्हवाटप तोंडावर आलेलं. एखादी गप्प बसली असती. अंजली पाटील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला: अर्जदाराने स्वतःची ओळख स्त्री अशी ठरवली आहे, तेव्हा तिला त्या जागेवर लढू द्या. सोबत हेही लिहिलं की आरक्षणाचा लाभ पाहून पुढे सोयीने ओळख बदलता येणार नाही. पंधरा तारखेला मतदान झालं, अठराला मोजणी. अंजली पाटील निवडून आल्या.

यात अडवलं कुणी आणि स्वीकारलं कुणी, ते पाहा. टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याने अडवलं. भादलीच्या मतदारांना संधी मिळाली तेव्हा त्यांनी निवडून दिलं.

मध्य प्रदेशातल्या कटनीत सुमारे पाव शतकापूर्वी याच्या उलट घडलं होतं. कमला जान तिथे महापौर म्हणून निवडून आल्या होत्या, लोकांच्या मतांनी, राष्ट्रीय पक्षांच्या उमेदवारांना मागे टाकून. पद महिलांसाठी राखीव होतं. कायद्याच्या लेखी हिजडा पुरुषच, असं म्हणत न्यायालयाने निवड रद्द केली. लोकांनी बसवलेलं माणूस खुर्चीवरून उतरवलं गेलं. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल आला, आपलं लिंग कोणतं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला मिळाला, आणि त्याच्या जोरावर भादलीचा अर्ज वाचला. ‘नालसा’च्या लढ्यात आपल्या पुण्याच्या लेकीचं, श्रीगौरी सावंत यांचंही नाव घेतलं जातं. राज्यात निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये मतदार जागृतीसाठी सदिच्छादूत म्हणून त्यांनाही नेमलं. मतदान करा म्हणून सांगायला तृतीयपंथी चालते. मत मागायला का चालू नये?

नालसाच्या पुढच्याच जानेवारीत छत्तीसगडच्या रायगडमध्ये मधु किन्नर अपक्ष उभ्या राहिल्या आणि साडेचार हजारांहून अधिक मतांनी महापौर झाल्या. रेल्वेत गाणी म्हणून पोट भरणारी बाई.  रायगडही चाकणसारखंच कारखान्यांचं शहर आहे, स्टीलचं. तेव्हा ‘गावात चालतं, कामगार वस्तीत नाही’ हाही मुद्दा टिकत नाही.

नोकरीत असताना निवडणुकीची ड्युटी मला कधी चुकली नाही. एका विधानसभेला केंद्राध्यक्ष होते. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, भिंतीवर बाराखडी, बाहेर दोन रांगा. दुपारी बाराच्या सुमारास एक मतदार बराच वेळ कडुलिंबाखाली उभी दिसली. हिरवी साडी, मोठी टिकली, हातात ओळखपत्र. कुठल्या रांगेत उभं राहावं, हे तिला कळत नव्हतं आणि सांगायला कुणी पुढे होत नव्हतं. बायकांच्या रांगेतल्या एका म्हातारीने हाक मारली, “ये गं इकडं, एकटी काय उभी राहिलीस.” ती आली. पुढच्या-मागच्या बायका एक पाऊल सरकल्या, तेवढंच. खोलीत मात्र पक्षांच्या पोलिंग एजंटांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. एकाने यादीवर बोट ठेवून मोठ्याने नाव वाचलं, पुरुषाचं. ओळखपत्रावरच्या फोटोत मिसरूड होती. मी चेहरा ताडून पाहिला, नोंदवहीत सही घेतली, शाई लावून घेतली. ती मत देऊन गेली.

दर दोन तासांनी वर आकडे कळवायचे असतात: पुरुष किती, स्त्रिया किती, इतर किती. तिचं मत पुरुषांत गेलं, कारण यादीत ती पुरुष होती. संध्याकाळी मी ‘इतर’च्या रकान्यात शून्य लिहिलं. नियमाने तेच बरोबर होतं.

ही शून्यं पुढे तुमच्या टेबलावर येतात आणि तुम्ही म्हणता, ‘यांची मतं आहेत किती?’ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ तृतीयपंथी नोंदले गेले. त्यात लहान मुलंही धरली आहेत. मतदारयादीत ‘इतर’ लिहायची सोय आयोगाने २००९ मध्येच केली. तरी २०२४ च्या विधानसभेला राज्याच्या यादीत तृतीयपंथी म्हणून नोंद होती ती सहा हजारांच्या आसपास. बाकीचे काही माझ्या त्या मतदारासारखे पुरुषांच्या नाही तर स्त्रियांच्या आकड्यात आहेत. काही यादीतच नाहीत, कारण खोलीमालक भाडेकरार करून देत नाही आणि कराराशिवाय पत्ता सिद्ध करणं अवघड जातं. आपल्याकडे कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेल्या, बिहारहून, मराठवाड्यातून आलेल्या पोरांची तीच गत आहे. एका खोलीत सहा जण राहतात आणि चाकणच्या मतदारयादीत सहापैकी एकही नसतो. चाकणचा मतदार आणि चाकणचा रहिवासी हे दोन वेगळे लोक झाले आहेत, पण तो विषय काढला तर पत्र लांबेल.

आता आपल्या वाहतूक कोंडीकडे येते. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या तळेगाव चौकात आणि पुढे आंबेठाण चौकात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटेच येऊन चौकात उतरले, अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं, चाकणला वेगळी महापालिका करावी लागेल असंही म्हणाले. त्यानंतर प्रत्येक प्रचारसभेत आधी इथला संग्रामदुर्ग किल्ला आणि फिरंगोजी नरसाळा, मग कोंडी, असा क्रम ठरून गेला. फिरंगोजींनी किल्ला जवळपास दोन महिने लढवला. कोंडीचा वेढा त्याहून कितीतरी लांबला आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असाच एक रस्ता आहे, रूट २८. तिथल्या डॅनिका रोम नावाच्या बाईंनी २०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली. त्या पारलिंगी आहेत. समोर बॉब मार्शल, पंचवीसहून अधिक वर्षं जागा राखून असलेले. पारलिंगींनी कोणतं स्वच्छतागृह वापरायचं, यावर कायदा आणू पाहणारे. रोम दारोदार गेल्या आणि बोलल्या कशाबद्दल? रूट २८ च्या कोंडीबद्दल. सिग्नल कुठे चुकलेत, वळण कुठे अडतं, पैसे कुठून आणता येतील. आधी त्या स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार होत्या, त्यामुळे रस्ता तोंडपाठ. निवडून आल्या. मार्शलांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, ते आता माझे मतदार आहेत, मतदारांवर मी टीका करत नाही. २०२३ मध्ये त्याच बाई तिथल्या सिनेटवर गेल्या.

तळेगाव चौकात सिग्नलला टाळी वाजवत गाड्यांच्या काचेशी येणाऱ्यांना एकदा विचारून पाहा. कुठली शिफ्ट किती वाजता सुटते, कुठल्या कंपनीच्या बसगाड्या उलट्या बाजूने घुसतात, कंटेनर कुठे वळताना अडकतो, ट्रॅफिक पोलीस कुठल्या वेळी चौकात असतो आणि कुठल्या वेळी टपरीवर, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मी दोघींशी बोलले आहे. एकीने मला रिक्षा थांबा पन्नास पावलं मागे नेला तर काय फरक पडेल ते हातवारे करून समजावलं. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि ती धावली.

लोकांच्या मनात राग नाही असं मी म्हणणार नाही. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला, लग्नाघरी, बारशाला अडून बसून पैसे मागितले जातात, मिळाले नाहीत तर शिव्याशाप होतात. माझ्या भाच्याच्या लग्नात झालं आहे. पण ज्यांना कुणी कामावर ठेवत नाही, त्यांना मागण्याखेरीज काय उरतं, हाही प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये त्याचं एक उत्तर शोधलं. तृतीयपंथींना सुरक्षारक्षक म्हणून, ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं, पन्नाशी ओलांडलेल्यांना महिना तीन हजार रुपये पेन्शन सुरू केली. हे आयुक्तांच्या पातळीवर झालं. गणवेश घालून महापालिकेच्या दारात उभं राहिलेलं माणूस लोकांनी दोन आठवड्यांत स्वीकारलं, आता कुणी वळूनही पाहत नाही. नोकरी देणं प्रशासनाच्या हातात होतं, त्यांनी दिली. उमेदवारी तुमच्या हातात आहे.

तुमच्या पक्षांनी काहीच केलं नाही असंही नाही. वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये दिशा पिंकी शेख यांना प्रवक्ते केलं आणि २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून शमिभा पाटील यांची उमेदवारी पहिल्याच यादीत जाहीर केली. राष्ट्रवादीने २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला आणि प्रिया पाटील यांच्याकडे दिला. याच प्रिया पाटील २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला कुर्ल्यातून अपक्ष लढल्या होत्या. शरद पवार गटाने २०२४ मध्ये अनिश गवांदे यांना राष्ट्रीय प्रवक्ता नेमलं, ते उघडपणे समलिंगी आहेत. सेल काढायला पैसे लागत नाहीत, प्रवक्तेपदाने कुणाचा वॉर्ड जात नाही. रावेरचं तेवढं वेगळं, तिथे पक्षाने स्वतःची जागा पणाला लावली. बाकी ठिकाणी आघाडीवर ढोल वाजवायला ही माणसं आणि मागे उमेदवारीचे एबी फॉर्म वाटताना बंद खोलीत पुन्हा तेच: भावकी किती, खर्च किती करणार, कुणाचा पुतण्या.

समलिंगी म्हटलं की मला जून २०१७ आठवतो. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्या वर्तमानपत्रांना भरतं आलं. मालवण तालुक्यातल्या वराड गावचा नातू, डॉक्टर अशोक वराडकरांचा मुलगा. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला आले तेव्हा गावाने ओवाळलं. त्यांचा जोडीदार पुरुष आहे, हे लिहिताना मात्र बऱ्याच लेखण्या अडखळल्या. ते पंतप्रधान झाले त्या दिवशी भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं. तोच नातू वराडमध्येच वाढला असता आणि त्याने तेच उघडपणे सांगितलं असतं, तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागण्याची भीती होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम मोडीत काढलं ६ सप्टेंबर २०१८ रोजी. आपण कौतुक केलं ते अर्ध्याच माणसाचं.

आणि समलिंगी स्त्री तर आपल्या राजकारणात दिसतच नाही. आइसलंडने २००९ मध्येच योहाना सिगुरदारदोत्तिर यांना पंतप्रधान केलं, अमेरिकेत ह्यूस्टनसारख्या तेलाच्या आणि कारखान्यांच्या शहराने त्याच वर्षी अनीस पार्कर यांना महापौर निवडलं. आपल्याकडे एमआयडीसीत दोन मुली एका खोलीत वर्षानुवर्षं राहतात, एका डब्यात जेवतात, घरमालकीण म्हणते ‘रूममेट आहेत, गरीब आहेत बिचाऱ्या’. त्यांतल्या कुणी उभं राहावं, अशी अपेक्षा मी आज करत नाही. घर जाईल, नोकरी जाईल. तृतीयपंथींना लपायची सोयच नाही. म्हणून पहिला धक्का त्यांनाच बसतो आणि कदाचित दारही त्यांनीच आधी उघडायचं असतं.

‘पहिला’ म्हणवून घेण्याची हौस आपल्याला फार. पण पहिल्याच्या पाठी दुसरा आला नाही तर पहिल्याचं काय होतं, ते बॅरिस्टर अंतुल्यांकडे पाहून कळतं. जून १९८० मध्ये अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९८२ मध्ये गेले. संजय गांधी निराधार योजनेचं नाव अजूनही त्यांच्यासोबत घेतलं जातं आणि सिमेंट प्रकरणाचंही. चार दशकं उलटून गेली, दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री राज्याला मिळालेला नाही. पहिले होते ते एकमेव होऊन बसले. पहिल्याला लोक नाकारतातच असं मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये जॉर्जिना बेयर या माओरी, पारलिंगी बाई १९९५ मध्ये कार्टरटन या लहानशा गावाच्या महापौर झाल्या आणि १९९९ मध्ये शेतकऱ्यांच्या, सनातनी समजल्या जाणाऱ्या मतदारसंघातून संसदेत गेल्या, जगात पहिल्या. आधी रस्त्यावर उभं राहून पोट भरलेलं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. लोकांना सगळं माहीत होतं आणि लोकांनी मतं दिली.

माझ्या वयाच्या बायकांना तुमचं ते वाक्य ओळखीचं आहे. १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांना तीस टक्के जागा राखल्या, तेव्हाही गावोगावचे पुढारी हेच म्हणत होते: आमची हरकत नाही, पण लोक बाईचं ऐकणार नाहीत. पुढे तेहतीस झाले, २०११ मध्ये पन्नास. सुरुवातीची वर्षं सह्या बाईच्या आणि कारभार नवऱ्याचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ग्रामसभेत सरपंचाच्या खुर्चीवर सरपंचांचे पती बसलेले आणि सरपंच बाई मागच्या ओळीत बायकांसोबत. पण काही ठिकाणी बाईने दुसऱ्या वर्षी खुर्ची मागून घेतली. आज तुमच्याच पक्षातल्या कितीतरी नगरसेविका त्या वाटेने आल्या आहेत. त्यांना विचारा, आरक्षण नसतं तर पक्षाने त्यांना फॉर्म दिला असता का.

तृतीयपंथींना स्थानिक निवडणुकीत राखीव जागा नाही. म्हणजे सगळं तुमच्या मर्जीवर आहे. त्यामुळे माझं मागणं कायद्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरी नगर परिषदेत, चांदीच्या दागिन्यांच्या त्या गावात, २०२१ मध्ये ताराराणी आघाडीने तातोबा हांडे यांना स्वीकृत नगरसेवक केलं. लोक त्यांना देव आई म्हणतात. राज्यातले ते पहिले तृतीयपंथी नगरसेवक. स्वीकृत सदस्याला मतदानाचा हक्क नसतो, पण सभागृहात बसता येतं, बोलता येतं, प्रश्न विचारता येतो. कायद्यात ही जागा नगर प्रशासनाचा विशेष अनुभव असणाऱ्यांसाठी आहे. प्रत्यक्षात ती पडलेल्यांची, रुसलेल्यांची आणि खर्च केलेल्यांची सोय लावायला वापरली जाते. एकाला वर्ष-दीड वर्ष बसवायचं, राजीनामा घ्यायचा, दुसऱ्याला बसवायचं. चाकणला हे नवं नाही. तर पुढचा राजीनामा घ्याल तेव्हा त्या खुर्चीवर चाकणमधल्या एका तृतीयपंथी व्यक्तीला बसवा. कचरा, शौचालयं, चौकातली कोंडी, रात्रीचे दिवे यांचा अनुभव म्हणाल तर तो त्यांच्याकडे भरपूर आहे. रात्री दिवे कुठे बंद असतात, हे त्यांना अंगावर कळतं.

आणि पुढच्या निवडणुकीला एबी फॉर्म द्या, निवडून येण्यासारख्या वॉर्डात, सर्वसाधारण जागेवर. हरायच्या वॉर्डात नको. हरायलाच उभं केलं आणि मग ‘बघा, लोक स्वीकारत नाहीत’ म्हणालात तर ते तुमचं तुम्हीच पेरलेलं असेल. प्रचाराच्या गाडीवर नाचवू नका. पत्रकावर पाणी, रस्ता, कचरा छापा, बाकीच्यांच्या पत्रकावर असतं तसंच. दरम्यान, तुमचे बूथप्रमुख मतदार नोंदणीच्या वेळी आपापल्या भावकीची नावं घालायला दारोदार फिरतात, तेव्हा त्यांनी तृतीयपंथींच्या वस्तीतही दोन चकरा माराव्यात.

हे जमणार नसेल तर नका करू. मला फक्त एक गोष्ट हवी आहे. निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज बाद करतो तेव्हा त्याला कारण लिहून द्यावं लागतं. भादलीच्या अंजली पाटील तोच कागद घेऊन खंडपीठात गेल्या आणि दोन-चार दिवसांत निकाल घेऊन परत आल्या. कारण चुकीचं होतं म्हणून ते खोडता आलं, पण खोडायला ते कागदावर असावं लागलं. तुमच्या खोलीत जो नकार मिळतो त्याला कागद नसतो. तिथे चहा मिळतो, ‘पुढच्या वेळी बघू’ मिळतं आणि खांद्यावर हात मिळतो. त्याला कुठल्या न्यायालयात आव्हान द्यायचं?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तृतीयपंथी इच्छुक तुमच्याकडे उमेदवारी मागायला आली आणि तुम्ही नाही म्हणालात, तर पक्षाच्या लेटरहेडवर, तारीख आणि सही-शिक्क्यानिशी कारण लिहून द्या. ‘लोक स्वीकारणार नाहीत’ एवढंच लिहिलंत तरी चालेल. तिच्या हातात तो कागद असू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चाकण